भरल्या मुलखातली वस्ती

तंजावरचे नाव निघाले की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या सावत्र भावांतल्या वाटणीच्या तंट्याची. दुसरी, मराठी राज्य पार कावेरीपर्यंत पोचले होते या अभिमानाची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून तंजावर कळत नाही. पहिलीत तंजावर ही घरातली भाऊबंदकी ठरते आणि दुसरीत नकाशावरचा लांबचा ठिपका. दोन्हींत ते रायगड-सातारा-पुण्याच्या इतिहासाचे शेपूट आहे. मूळ कथा इकडे घडते आणि तिकडे तिची फक्त टोके पोचतात, असा त्यामागचा समज आहे.

हा समज उथळ आहे असे मला ठामपणे वाटते. मराठी सत्तेची दक्षिणेकडची ही सरहद्द जिंकली कशी गेली हा तुलनेने छोटा प्रश्न आहे, कारण ती फारशी लढाई न होताच हाती आली. मोठा प्रश्न वेगळाच आहे. जिथे नांगराखाली आणायला जमीन उरली नव्हती, बांधायला धरण उरले नव्हते, देवळाची उणीव नव्हती आणि विद्वत्तेचा तर सुकाळ होता, अशा काठोकाठ भरलेल्या मुलखात बाहेरून आलेली मूठभर माणसे वसली कशी? सत्ता गेल्यावर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही त्यांच्या घरांत मराठी का बोलली जाते? माझे उत्तर असे की मराठ्यांनी तिथे जमिनीवर नव्हे, तर माणसामाणसांमधल्या आणि भाषाभाषांमधल्या जागेवर वस्ती केली. दप्तर, दरबार, यात्रेचा रस्ता आणि कीर्तन ही ती जागा. तंजावरचा इतिहास तिथून वाचायला हवा.

१. मोकळी जमीन नव्हती

सरहद्दीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे नकळत अमेरिकेचे चित्र असते. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये मांडले की पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या मोकळ्या जमिनीने अमेरिकन माणूस घडवला. ती जमीन मोकळी नव्हती, तिथे मूळ रहिवासी होते, हे त्या सिद्धान्ताचे मोठे वैगुण्य. तरीही चित्र टिकून राहिले: पुढे रान, मागे गाडे, मध्ये कुऱ्हाड चालवणारा वसाहतकार.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला हे चित्र कुठेच लागू पडत नाही. तिथला कल्लणै बंधारा परंपरेने करिकाल चोळाचा मानला जातो, म्हणजे मराठे येण्याआधी दीड हजार वर्षे नदीचे पाणी माणसाच्या हिशेबाने वाहत होते. राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पुरे झाले. तेव्हापासून गावोगावी देवळांची जमीन, ब्राह्मणांची अग्रहारे, वेळ्ळाळांची शेते आणि कालव्यांच्या पाळ्या यांची घडी बसत गेली होती. गावातली जमीन मिरासदारांच्या वाट्यांत विभागलेली होती. तिच्यावर राबणारे पळ्ळर आणि परैयर मजूर पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला बांधलेले होते.

परकी राजाही तिथे नवा नव्हता. १५३२ च्या सुमारास विजयनगरच्या वतीने शेवप्पा नायक तंजावरला बसला. हे नायक तेलुगू बोलणारे. त्यांच्या दरबाराची भाषा तेलुगू, विद्येची संस्कृत, प्रजेची तमिळ. मराठे आले तेव्हा परक्याने कसे राज्य करावे याचा नमुना तिथे सुमारे १४० वर्षांचा जुना होता.

२. कोण आले, कुठून आले

व्यंकोजीराजे थेट महाराष्ट्रातून तंजावरला गेले नाहीत. शहाजीराजांच्या हाती १६३८ नंतर बंगळूरची जहागीर आली आणि व्यंकोजींचे आयुष्य त्या कर्नाटकी मुलखात गेले. त्यांच्याबरोबरची माणसे एकदा स्थलांतर करून चुकली होती. कन्नड आणि तेलुगू त्यांच्या कानावरून गेल्या होत्या, आणि परमुलखात महसूल कसा गोळा करायचा हे त्यांना ठाऊक होते. तंजावरची मराठी वस्ती हे दुसऱ्या टप्प्याचे स्थलांतर आहे. तिच्या लवचीकपणाचे अर्धे उत्तर मला इथेच दिसते.

सत्तांतराची हकीकत थोडक्यात अशी. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर घेतले आणि तिथला विजयराघव नायक मारला गेला. त्याच्या वंशातल्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी विजापूरकडे मदत मागितली गेली, विजापूरने व्यंकोजींना पाठवले आणि १६७५ च्या आसपास व्यंकोजी स्वतःच तंजावरचे राजे झाले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीपर्यंत आले, भावांची भेट झाली, बोलणी फिसकटली, लढाई झाली आणि अखेर तह झाला. शाळेतला इतिहास इथे थांबतो.

मला महत्त्वाचे वाटते ते या हकीकतीत काय नाही हे. शेतकऱ्यांची वसाहत म्हणावी असे काही घडले नाही. आले ते स्वार, सरदार, कारकून, शास्त्री, गोसावी, शिंपी, कारागीर. त्यांची संख्या तिथल्या लोकसंख्येत नगण्य होती. नांगरामागून आलेली वस्ती जमिनीला धरून राहते. लेखणी आणि टाळ घेऊन आलेल्या वस्तीला दुसरा आधार शोधावा लागतो.

३. जागा सापडली ती अशी

पहिली जागा दप्तराची. गावचा हिशेब तमिळमध्ये, गावच्या कणक्कपिळ्ळैच्या हातात राहिला. त्याला कोणी हात लावला नाही. राजवाड्याचा हिशेब मात्र मोडीत आला. मायावरम, कुंभकोणम, मन्नारगुडी, पट्टुकोट्टै अशा सुभ्यांतून येणारा तमिळ हिशेब आणि राजवाड्यातले मोडी कागद यांच्या मध्ये दोन्ही जाणणारा माणूस हवा होता. देशस्थ कारकुनांची कुळे तिथे रुजली. ही जागा राजाच्या मर्जीपेक्षा टिकाऊ निघाली, कारण राजा कोणीही असो, धान्याचा वाटा मोजणारा आणि लिहिणारा माणूस लागतोच.

दुसरी जागा दरबाराची, आणि इथे जरा थांबायला हवे. मराठी राजांनी नायकांची तेलुगू परंपरा मोडली नाही, तमिळवर मराठी लादली नाही, आणि मराठी सोडूनही दिली नाही. व्यंकोजींच्या नावावर तेलुगू द्विपद रामायण आहे. त्यांचे पुत्र शहाजी (१६८४–१७१२) यांनी तेलुगूत यक्षगाने रचली, मराठीत नाटके लिहिली आणि ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत रचले. १६९३ मध्ये त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. मराठी नाटकाची सुरुवात आपण सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. शहाजीराजांची मराठी नाटके त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची आहेत. हे अभ्यासकांना माहीत आहे, पण मराठी रंगभूमीच्या सार्वजनिक स्मरणात त्याला जागा नाही. सरहद्दीवर जे घडते ते ‘मूळ’ असू शकत नाही, हा समज त्यामागे आहे.

वस्तुस्थिती उलट आहे. नाटक मराठीत तंजावरला आधी झाले, कारण तिथे समोर यक्षगान आणि भागवतमेळा होता. शेजाऱ्याकडे कलाप्रकार होता, आपल्याकडे भाषा होती. या देवाणघेवाणीचे सर्वांत विलक्षण फळ म्हणजे तंजावरचे पुढच्या काळातले राजे दुसरे सरफोजी यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती आपल्या मुलखातले डोंगर आणि नद्या गाऊन सांगते. सरफोजींनी तो साचा घेतला, त्यात मराठी घातली आणि कुरत्तीच्या तोंडून साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगितला. तमिळ साचा, मराठी बोल आणि युरोपातून आलेले ज्ञान: या तिन्हींची गाठ पुण्यात पडणे अवघड होते. तंजावरला ती पडली, कारण त्या लहानशा किनाऱ्यावर तरंगंबाडीला डेन लोक, नागपट्टणला डच, कारैकालला फ्रेंच आणि देवीकोट्टैला इंग्रज असे चार युरोपीय शेजारी होते.

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला ‘भोसलेवंशचरित्र’ हा प्रचंड मराठी शिलालेखही याच दृष्टीने पाहावा. तो ‘केवढा लांब’ हेच आपण कौतुकाने सांगतो. त्यातली खरी गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास बखरीत, म्हणजे कागदावर लिहिला जाई. देवळाच्या दगडावर राजाने आपली हकीकत कोरून ठेवावी ही चोळांची रीत, आणि त्याच मंदिराच्या जोत्यावर राजराजाचे तमिळ लेख आहेत. सरफोजींच्या आज्ञेने बाबूराव चिटणीसांनी तयार केलेली बखर दगडावर चढली, तेव्हा भोसले घराणे तमिळ राजाच्या रीतीने मराठीत बोलले. इतक्या स्पष्टपणे आपली जागा सांगणारा दुसरा मराठी दस्तऐवज मला माहीत नाही.

तिसरी जागा रस्त्याची. रामेश्वराची वाट तंजावरच्या मुलखातून जाते. त्या वाटेवर राजांनी आणि राण्यांनी छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींच्या काळचे. अन्न, मुक्काम, काही ठिकाणी औषध आणि शाळा. उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूला आणि तमिळ गावकऱ्याला एकाच पंक्तीच्या व्यवस्थेत आणणाऱ्या या संस्था होत्या, जरी पंक्तीतले जातीचे भेद तसेच राहिले.

चौथी जागा कीर्तनाची. समर्थ रामदास रामेश्वराच्या यात्रेत तंजावरला आले होते असे संप्रदायाची परंपरा सांगते. तंजावर आणि मन्नारगुडीला रामदासी मठ उभे राहिले हे तर नक्कीच. या मठांतून मराठी कीर्तन गावोगावी पोचले. पुढे १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला कीर्तने करीत. ती ऐकून, अभ्यासून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे वृत्तप्रकार त्याच नावांनी गायले जातात. श्रोत्याला मराठी येत नाही, पण कथेचा सांगाडा मराठी कीर्तनाचा असतो. एखाद्या भाषेचे शब्द न समजता तिची रचना लोकांनी आपली म्हणून स्वीकारावी, यापेक्षा खोल वस्ती कोणती?

४. जिंजी आणि तंजावर

माझे म्हणणे पारखायला जिंजी हे चांगले उदाहरण आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली, राजाराम महाराज तिथून लढले, आणि १६९८ मध्ये मोगलांनी ती घेतली. एकवीस वर्षे. स्वराज्य वाचवण्यात जिंजीचा वाटा फार मोठा आहे, त्याबद्दल वादच नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकच, तो जिंजी. हे योग्यच झाले.

पण एकवीस वर्षांच्या किल्ल्याला आपण ओळखतो आणि एकशे ऐंशी वर्षांच्या वस्तीला ओळखत नाही, यात आपली मोजपट्टी उघडी पडते. किल्ला हे सरहद्द राखण्याचे साधन होते. तो पडला की त्याचे काम संपते. वस्तीचे काम किल्ल्याच्या पडण्याशी संपत नाही. तंजावरचा किल्ला, सैन्य, महसूल सारे गेले, तरी वस्ती राहिली.

५. आक्षेप

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे सारे सांस्कृतिक वैभव कोणाच्या घामावर उभे होते? राजाचा वाटा हा पिकाचा मोठा हिस्सा होता. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या बळावर राज्य घेतले, १७७६ मध्ये ते परत मिळाले, पण या ओढाताणीचे कर्ज अखेर शेतावरच बसले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा मुलूख उजाड केला. माणसे आणि जनावरे नेली, पाण्याची व्यवस्था मोडली, आणि राजा आपल्या प्रजेला वाचवू शकला नाही. पळ्ळर-परैयर मजुरांची बांधिलकी मराठी राजांनी निर्माण केली नाही, पण सैलही केली नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. उलट तो माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. मराठ्यांनी तिथली घडी जशीच्या तशी स्वीकारली, म्हणून त्यांना जागा मिळाली. त्या घडीतला अन्यायही त्यांनी तसाच स्वीकारला. ‘कलाप्रेमी राजे’ एवढेच सांगणारा इतिहास त्या शेतमजुराला पुन्हा एकदा वगळतो, आणि तो इतिहास मला नको आहे.

दुसरा आक्षेप: हे सगळे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या राजांचे छंद होते. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी कारभार कंपनीकडे दिला. किल्ला आणि आसपासचा भाग त्यांच्याकडे राहिला, आणि वर्षाला एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. राज्य नाही म्हणून ग्रंथ, असे म्हणणारे व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांना विसरतात. त्यांचा काळ पूर्ण सत्तेचा होता आणि नाट्य, संगीत, बहुभाषिकता ही दरबाराची रीत तेव्हाच पडली होती. त्यागराज, श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे कर्नाटक संगीताचे तिन्ही मोठे रचनाकार १७६२ ते १७७६ या काळात याच राज्यातल्या तिरुवारूरला जन्मले, तहाच्या कितीतरी आधी. शिवाय सरफोजींचे काम नुसता छंद म्हणून सोडून देता येत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, धन्वंतरी महालातले वैद्यक आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना ही सार्वजनिक कामे होती. त्या छापखान्यातून १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोधमुक्तावली’ निघाले, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि छापखाना नव्हता.

तिसरा आक्षेप मला महाराष्ट्रात वारंवार ऐकू येतो: ते लोक तिकडचेच झाले, त्यांची मराठी बिघडली, मग त्यांचे काय सांगायचे? ‘बिघडली’ हा शब्द मी मान्य करत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीला मूळ प्रवाहापासून वेगळी झालेली बोली तमिळ-तेलुगूच्या शेजारात आपल्या वाटेने वाढली. पुण्याच्या शाळा-छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात जी प्रमाण मराठी घडवली, ती तंजावरच्या बोलीच्या आधीची नाही, नंतरची आहे. नंतर झालेल्या मापाने आधीच्याला अशुद्ध ठरवता येत नाही.

६. १८५५ नंतरची कसोटी

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावरचे राजे दुसरे शिवाजी पुत्र नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. खाजगी मालमत्ताही जप्त झाली. त्यांच्या राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये फेटाळला गेला. सार्वभौम सत्तेच्या कृतीवर न्यायालयाला बोलता येत नाही, हे तत्त्व सांगणारा तो खटला कायद्याच्या अभ्यासात आजही येतो.

वस्ती राजावरच उभी असती तर ती इथे संपली असती. झाले उलट. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले तंजावरी मराठी टी. माधवराव १८५८ मध्ये त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, आणि १८७५ मध्ये बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना उत्तरेतल्या एका मोठ्या मराठी संस्थानाचा गाडा सात वर्षे तंजावरी मराठी माणसाने हाकला. दप्तराच्या जागेवर रुजलेल्या कुळांना दुसरे दप्तर परके नव्हते. १८८० मध्ये सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या राजकन्येशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाले आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व वादक बडोद्याला गेले. मध्य ते सरहद्द अशा एकाच दिशेने इतिहास वाहतो असे मानणाऱ्यांनी या दोन घटनांचा विचार करावा.

सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि त्यांच्याबरोबर राजवाड्याच्या मोडी कागदांचे रुमाल. वर सांगितलेल्या वस्तीचा तपशील त्या रुमालांत आहे: कोणत्या कारकुनाला काय वेतन, छत्रात किती धान्य, कोणत्या नर्तकीला कसली नेमणूक, कोणत्या गावाशी कसला वाद. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतल्या निवडक कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत, त्यामुळे तमिळ संशोधक ते वाचतो आणि वापरतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मोडी शिकवली जाते, पण ती बहुतेक पेशवे दप्तरासमोर ठेवून. तंजावरचे काम करायचे असेल तर मोडी अर्धीच वाट दाखवते. राजवाड्याचा कागद मोडीत, पण तो ज्या गावाबद्दल आहे त्या गावाचा हिशेब तमिळमध्ये आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारे मराठी विद्यार्थी तयार करायचे असतील, तर इतिहास विभागांनी मोडीबरोबर तमिळचा वर्ग सुरू केला पाहिजे.